मदत हवी आहे: धारपांनंतर कोणाच्या भयकादंबऱ्या वाचाव्यात?

नारायण धारपांच्या समर्थकथांची, म्हणजे समर्थ नावाच्या नायकाच्या भयकथांची, मी अक्षरशः पारायणं केली आहेत. रत्नाकर मतकरींच्या गूढकथाही झाल्या, पण त्यांची भीती वेगळी, माणसाच्या मनातून उगवणारी. मला हवी आहे ती धारपांसारखी: साधं मध्यमवर्गीय घर, सगळं सुरळीत, आणि मग एका खोलीत पाऊल टाकताना उगाच अंगावर काटा. रक्तपात नको, तो वाचून भीती वाटतच नाही.

धारप 2008 साली गेले. त्यानंतरच्या मराठी लेखकांपैकी सलग, लांबलचक भयकादंबरी कोणी लिहिली आहे? कथासंग्रह नकोत. कोकणातली असेल तर फारच उत्तम, माझं आजोळ तिकडचं. शिवाय धारपांच्या जुन्या आवृत्त्या पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ मिळतील का? कृपया सुचवा.