सोडियम ११२ आणि झटका: ३% सलाईन किती, किती वेळात आणि थांबायचं कधी?

रात्रपाळी_एमओ
केस अशी धरा. ७० वर्षांच्या बाई, वजन ५० किलो, बीपीसाठी क्लोरथॅलिडोन (लघवी वाढवणारी थायाझाइड गटातली गोळी) चालू. तीन दिवस उलट्या, मग गुंगी, मग झटका (फिट). सोडियम ११२, पोटॅशियम २.९, शुगर १३०. जुन्या नोट्स म्हणतात हळूहळू वाढवा, म्हणजे ३% सलाईन पंपावर ताशी २०-२५ मिली. नवे प्रोटोकॉल म्हणतात १०० मिली १० मिनिटांत. नक्की काय करायचं? आणि काही पेशंटना लिटरभर एन.एस. (साधं नॉर्मल सलाईन) देऊनही सोडियम आणखी उतरतं, ते कशानं?

मेडिसिनवाला
‘हळूहळू’ आणि ‘पटकन’ दोन्ही बरोबर आहेत. घाई पहिल्या तासाची असते, मर्यादा २४ तासांची.

झटका आला म्हणजे मेंदूला सूज आहे. ती आटोक्यात यायला सोडियम ४ ते ६ नं वाढलं तरी पुरतं. नॉर्मल, म्हणजे १३५, गाठायचं नसतं, १२५ सुद्धा नाही. म्हणून १०० मिली ३% दहा मिनिटांत, आणि लक्षणं थांबली नाहीत तर आणखी दोनदा. अमेरिकन तज्ज्ञगटाची २०१३ ची शिफारस ही आहे. २०१४ च्या युरोपियन मार्गदर्शिकेत १५० मिली २० मिनिटांत आहे. दोन्हींत फारसं अंतर नाही.

आता हिशोब. ३% मध्ये लिटरला ५१३ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम असतं, एन.एस.मध्ये १५४. वयस्क बाईच्या शरीरातलं पाणी वजनाच्या ०.४५ पट, म्हणजे इथे २२.५ लिटर. त्यात दिलेला एक लिटर धरून २३.५. (५१३ − ११२) ÷ २३.५ = लिटरमागे १७, म्हणजे १०० मिलीला १.७. तीन बोलस (एका दमात दिलेले डोस) मिळून साधारण ५. पहिल्या तासात मिळवायचं होतं ते मिळालं. झटका थांबला, पेशंट बोलायला लागली की ३% बंद. उरलेली बाटली संपवत बसायचं नाही.

ताशी २०-२५ मिलीच्या ड्रिपनं हेच ५ मिळवायला बारा ते पंधरा तास लागतील. तोवर झटके येत राहणार. वर सूत्र फक्त आत जाणारं मोजतं, लघवीतून काय जातंय ते नाही. त्यामुळे रात्रभर सूत्रावर विसंबून ड्रिप चालू ठेवली की सकाळी सोडियम १२८ निघतं. कोरियातल्या साल्सा चाचणीत (२०२१) बोलस आणि सलग ड्रिप यांची तुलना झाली. ओव्हरकरेक्शन (सोडियम मर्यादेबाहेर चढणं) १७.२% विरुद्ध २४.२%. फरक सांख्यिकी कसोटीवर टिकला नाही, पण सोडियम पुन्हा खाली आणायची वेळ बोलस गटात कमी आली.

मर्यादा: एरवी २४ तासांत १० पर्यंत चालतं. या बाईंचं पोटॅशियम कमी आहे, म्हणजे ऑस्मॉटिक डिमायलिनेशनचा (सोडियम फार वेगानं चढल्यानं मेंदूतल्या मज्जातंतूंचं आवरण खराब होण्याचा) धोका जास्त. इथे ८ ची रेघ, आणि प्रत्यक्षात ६ वरच हात आखडता. दारू, कुपोषण, लिव्हरचा आजार, सोडियम १०५ किंवा खाली, यांतलं काही असलं तरी हेच. डिमायलिनेशनची लक्षणं दोन ते सहा दिवसांनी दिसतात: बोबडी वळणं, गिळता न येणं, हातपाय लुळे पडणं. तोवर पेशंट वॉर्डात गेलेली असते आणि सगळे खूश असतात.

सिस्टर_आयसीयू
ऑर्डर कशी लिहिता यावर बरंच अवलंबून असतं. "३% सलाईन एसओएस" (गरज पडली तर) ही ऑर्डरच नाही. "१०० मिली, १० मिनिटांत, एकदा, मग सोडियम पाठवून फोन करा" असं हवं.

पंपावर लावायचं तर १० मिनिटांत १०० मिली म्हणजे ताशी ६०० चा रेट, आणि एकूण व्हॉल्यूमची मर्यादा १०० टाकलीच पाहिजे. ती न टाकता रेट तसाच राहिला तर पुढची बाटलीही त्याच वेगानं जाते. पंप नसेल तर १०० मिलीची बाटली लावून सेट पूर्ण उघडा. २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला २०० थेंब होतात, ते मोजता येत नाहीत, पण बाटली संपली की डोस आपोआप थांबतो.

सेंट्रल लाईनची वाट बघू नका. कोपराजवळच्या चांगल्या शिरेत १८ किंवा २० नंबरची कॅन्युला बोलसला पुरते. आधी फ्लश करून बघा. बाहेर झिरपलं तर जागा सुजते, दुखते.

३% च्या बाटल्या अँटिबायोटिकसाठी ठेवलेल्या १०० मिली एन.एस.शेजारी ठेवू नका. लेबल सोडलं तर दोन्ही सारख्याच दिसतात.

किडनीकट्टा
वर सगळं बरोबर आहे, पण खरी गडबड बोलसनंतर होते. थायाझाइड बंद केलं, उलट्या थांबल्या, थोडं सलाईन गेलं की पाणी धरून ठेवणारं हार्मोन (एडीएच) एकदम खाली येतं आणि किडनी पातळ लघवी सोडू लागते. समजा ताशी २०० मिली, लघवीतलं सोडियम अधिक पोटॅशियम ३०, आणि रक्तातलं सोडियम ११७. मग ताशी जवळजवळ १५० मिली निव्वळ पाणी बाहेर जातंय आणि सोडियम दर तासाला पाऊण अंकानं चढतंय, तुम्ही काहीही न देता. सहा तासांत साडेचार. म्हणून कॅथेटर आणि दर तासाची लघवी. १०० मिलीच्या वर गेली की लगेच सोडियम पाठवा. पहिले काही तास दर दोन तासांनी, मग चार-सहा तासांनी.

रेघ ओलांडली किंवा ओलांडणार असं दिसलं तर डेस्मोप्रेसिन (एडीएचसारखं काम करणारं औषध) २ मायक्रोग्रॅम शिरेतून (गरज पडली तर आठ तासांनी पुन्हा) आणि ५% डेक्स्ट्रोज किलोला ताशी ३ मिली, म्हणजे इथे १५०. शुगर बघत राहा. डेस्मोप्रेसिन दिल्यावर तोंडानं पाणी बंद, हे नातेवाइकांना बजावून सांगा. नाहीतर सोडियम उलट दिशेला धावेल.

पोटॅशियम हमखास विसरलं जातं. केसीएलमधून (पोटॅशियम क्लोराइड) दिलेलं पोटॅशियम पेशीत जातं आणि सोडियमही वाढवतं. ४० मिलिइक्विव्हॅलंट दिलं तर या बाईंचं सोडियम त्यानंच १.८ वाढेल. म्हणजे एका बोलसएवढं! ८ च्या हिशोबात ते धरा.

एन.एस.चं उत्तर: लिटरमध्ये ३०८ मिलिऑस्मोल असतात. एसआयएडीएचमध्ये (एडीएच गरज नसताना वाढलेलं राहतं; कारणं न्यूमोनिया, कार्बामाझेपिन, फुफ्फुसाचा कॅन्सर वगैरे) लघवीची ऑस्मोलॅलिटी (दाटपणा) ६१६ वर अडकलेली असेल तर तेवढं मीठ अर्ध्या लिटरमध्ये निघून जातं आणि अर्धा लिटर नुसतं पाणी आत राहतं. मग सोडियम उतरणारच. या बाईंचं प्रकरण उलट आहे. एन.एस. इथे लागू पडेल, आणि गरजेपेक्षा जास्तच.

रात्रपाळी_एमओ
लघवीचा मुद्दा लक्षात आला, आभार. दोन शंका. शिरेतून द्यायचं कोनिव्हाप्टन (एडीएचला अडवणारं औषध) इथे चालेल का? आणि तालुक्याच्या ठिकाणी रात्री ३% मिळालंच नाही तर?

क्लिनिकल_फार्मा
कोनिव्हाप्टन इथे नको. ते तासा-दोन तासांनी लघवीतून पाणी काढायला लागतं. झटक्याला तेवढा वेळ नाही, आणि वेग आपल्या हातात राहत नाही. शिवाय उलट्यांनी शरीर कोरडं पडलं असेल तर ते निषिद्धच. त्याची जागा म्हणजे एसआयएडीएच किंवा हार्ट फेल्युअरचा शुद्धीवर असलेला पेशंट. २० मिग्रॅ ३० मिनिटांत, मग २० मिग्रॅ २४ तासांवर सलग. गरजेनुसार दिवसाला ४० पर्यंत, एकूण चार दिवसांच्या वर नाही. शिरा फार सुजवतं, म्हणून मोठी शीर घ्या आणि दर २४ तासांनी जागा बदला. आर.एल. (रिंगर लॅक्टेट) आणि फ्युरोसेमाइडबरोबर एका लाईनमधून देऊ नका. केटोकोनाझोल, इट्राकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, रिटोनाव्हिर चालू असेल तर देऊच नका. युरोपियन मार्गदर्शिका व्हाप्टनच्या (या गटातल्या औषधांच्या) विरोधातच आहे.

३% नसेल तर क्रॅश कार्टमधलं (इमर्जन्सी औषधांच्या ट्रॉलीतलं) सोडा-बायकार्ब बघा. ७.५% मध्ये मिलीला ०.९ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम, म्हणजे ५० मिलीत ४५. ३% च्या १०० मिलीत ५१ असतं, म्हणजे जवळपास तेच. हळू पुश करा. पण यानं पोटॅशियम आणखी उतरतं, आणि इथे ते आधीच २.९ आहे, तेव्हा एकदाच आणि मॉनिटर लावून. पोटॅशियम भरायला लगेच सुरुवात करा. ॲम्प्युल फोडून वॉर्डातच ३% बनवायचा खटाटोप रात्री दोन वाजता करू नका.

लॅब_टेबल
सॅम्पल ज्या हातात ड्रिप आहे त्या हातातून घेऊ नका. आणि पहिलं सोडियम एबीजी (रक्तातले वायू मोजणाऱ्या) मशीनवर, दुसरं मोठ्या ॲनालायझरवर, असं करू नका. अल्ब्युमिन कमी असेल किंवा ट्रायग्लिसराइड्स खूप असतील तर दोघांत तीन-चार अंकांचा फरक सहज पडतो. ८ ची रेघ पाळायची असताना तो फरक म्हणजे निम्मी मर्यादा. एकच मशीन ठरवा, आणि केसपेपरवर आकड्यापुढे वेळ आणि मशीन दोन्ही लिहा.