प्रतिसाद: परमिट राज्याचं, पण झोन गावाचा

वर कोणीतरी लिहिलंय की खाणीला राज्याचं परमिट मिळालं की गावाने गप्प बसायचं. न्यूयॉर्कमध्ये तरी तसं नाहीये हो. १९८७ साली कॅरल नावाच्या टाउनची खडी-वाळूच्या खाणीवरून केस झाली, त्यात तिथल्या राज्याच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने सरळ सांगितलं की खोदायचं कसं आणि नंतर जमीन पूर्ववत कशी करायची हे राज्याचा कायदा बघेल, पण कुठल्या झोनमध्ये (म्हणजे घरं, शेती, उद्योग अशा वापरासाठी आखून दिलेल्या भागात) खाण चालेल हे टाउनच ठरवणार. पुढे ड्रायडन आणि मिडलफिल्ड या टाउननी गॅसच्या ड्रिलिंगवर घातलेली बंदीही २०१४ ला त्याच कोर्टात ५ विरुद्ध २ मतांनी टिकली. गंमत म्हणजे मिडलफिल्डवर केस टाकणारी पार्टी शेतीवालीच होती, जमीन गॅससाठी लीजवर देऊन बसलेली! म्हणजे शेतकरी एकीकडे आणि खाणवाले दुसरीकडे असं सोपं चित्र नसतं.

एक मात्र आहे, झोनिंग यायच्या आधीपासून चालू असलेली खाण सहसा बंद करता येत नाही, त्यामुळे जाग लवकर यायला लागते. आपल्याकडे पेसा क्षेत्रात (आदिवासी भागांसाठीचा पंचायत कायदा लागू असलेल्या गावांत) वाळू-खडीसारख्या गौण खनिजाच्या लीजआधी ग्रामसभेची शिफारस लागते, बाकी गावांचं काय ते तुम्हीच बघताय.