कॅन्सर तपासणीसाठी फोनवरचा असिस्टंट: गरिबांना खरंच उपयोग होईल का?

सांजवारा
ज्यांच्यापर्यंत दवाखाना नीट पोचतच नाही अशा लोकांना कॅन्सर तपासणीची आठवण करून द्यायला, शंका सोडवायला, अपॉइंटमेंट मिळवून द्यायला व्हर्च्युअल असिस्टंट (म्हणजे मेसेजवर नाहीतर आवाजात बोलणारं सॉफ्टवेअर) वापरावा का? माझं मत सरळ आहे, वापरावा आणि लवकर वापरावा. सगळ्यात मोठं कारण लाज. गर्भाशयाच्या मुखाची तपासणी कशी करतात, दुखतं का, कपडे किती काढावे लागतात, हे बाई डॉक्टरलासुद्धा विचारत नाही, घरात तर नाहीच. मशीनला रात्री अकरा वाजता विचारेल, एकच प्रश्न चारदा विचारेल, आणि समोरचा वैतागणार नाही. वाचता येत नसेल तर आवाजात ऐकेल. आणि ही तपासणी नुसता कॅन्सर शोधायला नसते, पेशी बिघडायला लागल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बरीच वर्षं जातात, त्या काळात सापडलं तर कॅन्सर व्हायच्या आधीच थांबवता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ठरवलंय की २०३० पर्यंत ७० टक्के बायकांची पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळिशीच्या आत परत एकदा चांगल्या दर्जाची तपासणी व्हावी. एवढ्या बायकांशी बोलायला माणसं आणायची कुठून?

आडवाट
नाही पटलं. गरीब माणूस तपासणीला जात नाही ते माहिती नाही म्हणून, हे गृहीतच चुकतंय. खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी बुडते, लहान मूल कोणाकडे ठेवायचं, जायला गाडी नाही, आणि काही निघालंच तर उपचाराचा खर्च कोण करणार. यातलं मेसेजने काय सुटतं? उलट रोज आठवण येत राहिली की माणसाला वाटतं आपणच निष्काळजी आहोत. आणि फोन कोणाचा? कितीतरी घरांत एकच फोन, तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात. तुम्ही लाज म्हणताय, तीच गोष्ट स्क्रीनवर सगळ्यांसमोर उघडी पडणार.
न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या गरीब वस्तीचं उदाहरण बघा. डॉ. हॅरल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये तिथे पेशंट नॅव्हिगेटर सुरू केले, म्हणजे कागदपत्रं, तारखा, पैसे, भीती सगळ्यात सोबत राहणारी माणसं. त्याच्या आधी तिथल्या हॉस्पिटलमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटपैकी ३९ टक्केच पाच वर्षं जगत होते, १९९५ ते २००० च्या पेशंटमध्ये ते प्रमाण ७० टक्क्यांवर गेलं. हे माणसांनी केलं.

निरभ्र
आडवाटदादा, उदाहरण अर्धंच सांगितलंत. तिथे नॅव्हिगेटरच्या बरोबरीने फुकट आणि कमी पैशात तपासणीचीही सोय केली होती, म्हणून आकडा बदलला. म्हणजे सोय आणि सोबत दोन्ही लागतं, आणि सोबत करणाऱ्या माणसाचा निम्मा दिवस "उद्या या, उपाशी येऊ नका, रिपोर्ट आलाय" असले फोन करण्यात जात असेल तर तेवढं काम मशीनने का करू नये? शिवाय सगळ्या तपासण्यांना खाडा करावाच लागतो असं नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी संडासचा नमुना घरीच घेऊन पाठवता येतो, एचपीव्हीच्या (गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करणारा विषाणू) तपासणीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते. इथे लोक अडतात ते नमुना कसा घ्यायचा, कुठे ठेवायचा, किती दिवसांत द्यायचा यावर, आणि किट कपाटात तसंच पडून राहतं. ज्याच्या-त्याच्या भाषेत, शांतपणे, एकेक पायरी सांगणारा आवाज असेल तर नक्की फरक पडेल.

उंबरठा
मी नर्स आहे, त्यामुळे मला भीती वेगळीच वाटते. तपासणी असते काहीच त्रास नसलेल्या माणसासाठी. पण लोक असिस्टंटशी बोलायला लागले की पहिलं काय विचारतील? "गाठ लागतेय", "पाळी गेल्यावर परत अंगावर जातंय", "संडासमधून रक्त पडतंय". अशा वेळी त्याने "तुमचं वय अजून मॅमोग्राफीचं (स्तनाच्या एक्स-रे तपासणीचं) नाही" असं उत्तर दिलं तर ती बाई निर्धास्त होऊन सहा महिने अंगावर काढेल. गाठ लागली की वयाचा प्रश्नच नाही, ताबडतोब डॉक्टर. हे वाक्य त्याला आलंच पाहिजे आणि लगेच माणसाकडे फोन जोडला पाहिजे, नाहीतर मी तरी अशी गोष्ट कोणाच्या हातात देणार नाही.
दुसरं म्हणजे रिपोर्ट. संडासच्या नमुन्यात रक्त सापडलं म्हणजे कॅन्सर नाही, पण मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी झालीच पाहिजे, नाहीतर पहिल्या तपासणीचा उपयोग शून्य. मॅमोग्राफीनंतर परत बोलावलेल्या बहुतेक बायकांना शेवटी काहीच निघत नाही, पण बोलावलंय एवढं कळल्यावर त्या रात्रभर झोपत नाहीत. ती बातमी माणसाच्याच तोंडून कळावी, यात मी तडजोड करणार नाही.

सांजवारा
उंबरठाताई, रिपोर्टचं शंभर टक्के पटलं, ते मी आधीच लिहायला हवं होतं. फोन सामायिक असतो हेही खरं, मग पहिल्या मेसेजमध्ये कॅन्सर, तपासणी असलं काही नको, नुसतं "आरोग्याबद्दल बोलायचंय, तुम्हाला सोयीची वेळ सांगा". पण आडवाट, तुमचं ऐकून थांबायचं तर माणसं नेमली जाईपर्यंत त्या बाईने काय करायचं? आज तिला कोणीच फोन करत नाहीये.

आडवाट
थांबा म्हणत नाहीये. माझी भीती ही आहे की असिस्टंट आला की "आता सोय झाली" म्हणून माणसं नेमायचंच बंद होईल. आणि यश मोजणार कशात? इतके लाख मेसेज गेले, एवढ्या जणांनी उत्तर दिलं, झालं काम. मला एकच आकडा बघायचाय, ज्यांच्या नमुन्यात रक्त निघालं त्यातले किती जण दुर्बिणीच्या टेबलापर्यंत पोचले. तो आकडा द्यायला तयार असाल तर मी विरोध मागे घेतो.

उंबरठा
आणि किती दिवसांत पोचले तेही लिहा त्यात.