लायसन्सची टेस्ट: तुमची, आईची, आज्जीची... सांगा अनुभव

शाहूपुरीची_लेक:
भाचीला अठरा पूर्ण झाली आणि आज सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावरच तिचं शिकाऊ लायसन्स निघालं. आधार, ओटीपी, कॅमेऱ्यासमोर बसून पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. महाराष्ट्रात जून २०२१ पासून ही सोय आहे. मी शेजारी भाजी निवडत बसले होते आणि डोक्यात मात्र आईची टेस्ट चालू होती.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. बाबा बिद्रीला कारखान्यात, ड्युटी पाळीची. आजोबांना दवाखान्यात न्यायला रोज कुणाला तरी हाक मारावी लागायची. एक दिवस आई म्हणाली, गाडी दारात आहे, मी शिकते. गाडी कुठली तर फियाट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. आमच्या गल्लीत तोवर चारचाकी चालवणारी बाई नव्हती. पहाटे मास्तर यायचे, आई नऊवारीतल्या आज्जीच्या पाया पडून बाहेर पडायची.

टेस्टला हाताचे इशारे फार कडक बघायचे तेव्हा. उजवीकडे वळायचं तर हात खिडकीतून सरळ बाहेर. डावीकडे वळायचं तर तोच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवायचा. वेग कमी करताना तळवा खाली करून वर-खाली. थांबायचं तर कोपरातून हात उभा. आई हात बाहेर काढायची की हातभर हिरव्या बांगड्या वाजायच्या. मागच्या सीटवर मी बसले होते, साहेब पुढे. चढावर गाडी उभी करायला लावली आणि म्हणाले, "आता उचला, मागं न येऊ देता." आईनं उचलली. साहेब एवढंच म्हणाले, "बाई, छान शिकलाय."

त्यानंतर आजोबांचा एकही दवाखाना चुकला नाही. मला वाटतं ती टेस्ट आमच्या घरातल्या सगळ्या पदव्यांपेक्षा मोठी होती.

तुमचे अनुभव लिहा. जुने, नवे, पास, नापास, सगळे चालतील.

वाघबीळ_सागर:
चढावरून उचलणे!! आमच्या मास्तरांनी पन्हाळ्याच्या रस्त्याला वाघबीळच्या अलीकडं गाडी थांबवली न् स्वतः खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावला. म्हणाले दगड हलला नाही पायजे. पहिला गिअर, क्लच हळूहळू सोडायचा, इंजिनचा आवाज जड झाला न् बॉनेट जरा उचललं की मग हँडब्रेक सोडायचा. आवाज ऐकायला शिकवलं त्यांनी, पायाकडं बघू दिलंच नाही. आज बी घाटात ट्रॅफिक तुंबलं की कान आपोआप इंजिनला लागतात

सई_कळंबा:
@शाहूपुरीची_लेक ताई, बांगड्यांचं वाचून अंगावर काटा आला. काकू आता चालवतात का अजून?

मी तपोवनच्या मैदानावर शिकले. सकाळी सहाला तिथं निम्मं कोल्हापूर शिकत असतं, एकीकडं क्रिकेट, एकीकडं पळणारी पोरं, मध्ये एल लावलेल्या गाड्या. एलच्या पाटीचंही माप ठरलेलं आहे, १८ सेंटिमीटरचा पांढरा चौकोन, त्यावर लाल अक्षर, पुढं आणि मागं दोन्हीकडं. आणि शेजारी पक्कं लायसन्सवाला माणूस बसलेला हवा, गाडी थांबवता येईल असा. माझ्या शेजारी भाऊ बसायचा. घरी एरवी एका वाक्यावर भांडणारा, गाडीत मात्र इतका शांत बोलायचा. "आरसा बघ. इंडिकेटर दे. परत आरसा बघ. आता घे." अजून वळताना त्याचाच आवाज ऐकू येतो.

शाहूपुरीची_लेक:
@सई_कळंबा आईनं डोळ्यांच्या ऑपरेशननंतर स्वतःहून सोडली गं. चावी माझ्याकडे दिली. पण शेजारी बसली की उजवा पाय ब्रेकवर असतोच 🙂

ऊसवाला:
आमच्याकडं पोरगं बारावी झालं की ट्रॅक्टरवर बसतंय. माझं म्हणणं एवढंच की आधी लायसन्स काढा. लै जण विचारतात ट्रॅक्टरला वेगळं लागतंय का. हलकं मोटार वाहन म्हणजे एलएमव्ही, ७५०० किलोपर्यंत, त्यात ट्रॅक्टर येतोय कायद्यानं.

आणि हात जोडून सांगतो, हंगाम सुरू झाला की ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर लावा. रात्री ऊस भरलेली ट्रॉली रस्त्याकडंला पंक्चर होऊन उभी, ना दिवा ना पट्टी, मागनं मोटरसायकलवाला येतोय त्याला काय दिसणार? माझा जवळचा मित्र असा गेलाय. टेस्टमध्ये गाडी चालवायचं बघतात, बंद पडलेली गाडी रस्त्यावर कशी उभी करायची हे बी बघायला पायजे असं मला मनापासनं वाटतंय

जयसिंगपूरकर:
@ऊसवाला दादा वाईट वाटलं वाचून. आमच्या गावात पोरांनी गेल्या हंगामात वर्गणी काढून पट्ट्या आणल्या, रात्री रस्त्यावर उभं राहून प्रत्येक ट्रॉलीला लावल्या. कुणी नको म्हटलं नाही.

ऊसवाला:
लै भारी काम. आम्ही बी करतो औंदा

दोन_पोरांची_आई:
कुकर लावून लिहितेय पटकन. थोरला सोळाचा झाला, रोज डोकं खातोय मोपेड दे म्हणून. सोळाला लायसन्स मिळतं ना?

सई_कळंबा:
@दोन_पोरांची_आई मिळतं, पण फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला आणि पालकांच्या संमतीनं. आता दुकानात दिसणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटर बहुतेक शंभरच्या वर. त्यामुळं अठरापर्यंत थांबवा त्याला. २०१९ च्या सुधारणेनंतर अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

दोन_पोरांची_आई:
बापरे. हेच वाचून दाखवते त्याला जेवताना. धन्यवाद गं

दवाखान्यातली_काकू:
माझा अनुभव दुसऱ्या बाजूचा, कारण चाळिशीनंतर लागणारं डॉक्टरी प्रमाणपत्र, फॉर्म १-ए, ते द्यायला माणसं आमच्याकडं येतात. निम्मे जण दारातूनच म्हणतात, "डॉक्टर, नुसती सही पाहिजे." मी प्रत्येकाला खुर्चीवर बसवते, डोळे तपासते, मान दोन्हीकडं वळवून दाखवायला सांगते. मान वळत नसेल तर माणूस रिव्हर्स कसा घेणार? तरुणांना हे प्रमाणपत्र लागत नाही, ते फॉर्म १ मध्ये स्वतःच लिहून देतात. त्यात एक प्रश्न आहे: चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का, चष्मा असेल तर चष्म्यासह. घरासमोर रस्त्यावर उभं राहून ही परीक्षा प्रत्येकानं आपली आपण घ्यावी. खूप जणांना चष्म्याचा नंबर वाढलाय हे तिथंच कळतं.

एक मुलगा आठवतो. रंगांधळेपणा आहे म्हणून आपल्याला कधीच गाडी चालवता येणार नाही असं धरून बसला होता. आईशेजारी बसून रडला माझ्यासमोर. जून २०२० मध्ये नियम बदलला, सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना लायसन्स मिळू लागलं, तीव्र असेल तर नाही. त्याचा मध्यम निघाला. परवा स्वतःच्या गाडीतून आईला तपासायला घेऊन आला होता. तपासणी संपल्यावर दोघांना बाहेर गाडीपर्यंत सोडायला गेले मी, इतका आनंद झाला.

वाघबीळ_सागर:
काकू 🙏🙏 मान वळवायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं

टेम्पो_उचगाव:
माझा मोठा भाऊ सातवी शिकलेला. हात सोन्याचा, पण मालवाहतुकीच्या लायसन्सला आठवी पासची अट. कायम क्लीनर म्हणून राबला, बाजूला बसून दुसऱ्याला रस्ता सांगायचा. २०१९ ला ती शिक्षणाची अट काढली. त्यानं लगेच अर्ज टाकला. लायसन्स आलं त्या दिवशी पहिलं अंबाबाईला नेऊन पायाशी ठेवलं, मग घरी. वहिनीनं ओवाळलं त्याला. आता माझ्या टेम्पोच्या पुढं त्याचा टेम्पो असतोय.

अजून एक, ज्यांच्याकडं छोटा टेम्पो आहे त्यांनी ध्यानात ठेवा. नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलंय की एलएमव्हीच्या लायसन्सवर ७५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहन बी चालवता येतंय. विम्याच्या भांडणात लै अडकलेली माणसं यानं सुटली.

ऊसवाला:
@टेम्पो_उचगाव तुझ्या भावाला माझा रामराम सांग. असल्या माणसांच्या हातात गाडी असली की रस्ता बरा राहतोय

गगनबावडा_हायवे_नाही_घाट:
पहिल्या पोस्टमधली टेस्ट वाचून आठवलं, घाटाचा प्रश्न मला बी आलेला लर्निंगला. उत्तर: चढणाऱ्या गाडीला आधी वाट. आमच्या करूळ घाटात, भुईबावड्यात हे पाठ असायलाच पायजे, कारण चढावर थांबलेली भरलेली गाडी परत उचलणं किती अवघड ते वर सागरनं लिहिलंयच. पावसाळ्यात धुकं, दरड, त्यात पर्यटक वरनं सुसाट येतात न् चढणाऱ्याला हॉर्न मारतात. त्या गाडीत नऊ मार्क पडलेला माणूस बसलाय, मग उत्तर पाठ करून विसरला का? चिन्हं पण तशीच. त्रिकोण म्हणजे सावध, गोल म्हणजे हुकूम, चौकोन म्हणजे माहिती. एवढं जरी मनात राहिलं तरी निम्मे घाट सुरक्षित होतील.

बरं गगनबावड्याला येणार असाल तर सकाळी लवकर या, दुपारनंतर काही दिसत नाही

कुवेतवरून_कागलकर:
इकडं पहाटे वाचतोय सगळं. घाट, धुकं, ऊस... डोळे भरले राव. मी जाताना आंतरराष्ट्रीय परमिट काढलं होतं, ते आपल्या पक्क्या लायसन्सवरच मिळतं न् एक वर्ष चालतं. पण कामावर गेल्यावर इथलं वेगळं काढावं लागलं. कुणी मिसळीचा फोटो टाका आता, रविवार आहे ना तिकडं

जयसिंगपूरकर:
@कुवेतवरून_कागलकर आज मिसळ नाही, घरी तांबडा पांढरा आहे. फोटो पाठवतो

कुवेतवरून_कागलकर:
नको भावा, बघवणार नाही 😭

शुक्रवार_पेठ:
२०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरलं. जाताना बाबांनी देव आणि गॅसचं पुस्तक घेतलं. कपाट राहिलं. त्यात बाबांचं जुनं पुस्तकाचं लायसन्स, त्यावर त्यांचा पंचविशीतला फोटो. पाणी ओसरल्यावर लगदा हाताला आला. डुप्लिकेट मिळालं, काम अडलं नाही, पण तो फोटो परत नाही आला. सगळ्यांना सांगणं, डिजिलॉकरमध्ये आजच घालून ठेवा. २०१८ पासून पोलिसांना फोनवर दाखवलेलं चालतं. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या जुन्या लायसन्सचे फोटो काढून ठेवा, पावसाळ्याच्या आधी.

दवाखान्यातली_काकू:
@शुक्रवार_पेठ बाबांचा तो फोटो कुणा नातेवाइकाच्या अल्बममध्ये असेल बघ. लग्नाचे अल्बम शोध. आमच्या दिरांचा असाच सापडला होता.

शुक्रवार_पेठ:
काकू, साताऱ्याच्या आत्याला आत्ताच फोन लावतो

मैत्रीण_राजारामपुरी:
आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, "आता आरटीओत टेस्ट नाही, ड्रायव्हिंग स्कूलच लायसन्स देणार." खरं आहे का? बहीण नापास झालीय कालच, रिव्हर्सला, तर घरचे म्हणतायत आता टेस्ट द्यायचीच कशाला

सई_कळंबा:
@मैत्रीण_राजारामपुरी नाही गं. हा मेसेज २०२४ च्या मे-जूनमध्ये पण फिरला होता, तेव्हा मंत्रालयानं स्पष्ट सांगितलं की काही बदललेलं नाही. जी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रं आहेत, २०२१ च्या नियमातली, तिथून पास झालेल्यालाच आरटीओची टेस्ट माफ. तिथं चारचाकीला २९ तासांचं शिक्षण आहे, ८ तास वर्गात आणि २१ तास गाडीवर. कोपऱ्यावरच्या प्रत्येक स्कूलला ते लागू नाही. लायसन्स कुठूनही आरटीओच देतं.

बहिणीला सांग, सात दिवसांनी परत देता येते. तीनदा नापास झालं तरच शेवटच्या टेस्टपासून साठ दिवस थांबावं लागतं. आणि शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, त्यामुळं घाई नाही. रविवारी सकाळी तपोवनला घेऊन ये, मी आणि माझा भाऊ दोन बादल्या ठेवून तिला रिव्हर्स घ्यायला लावतो.

मैत्रीण_राजारामपुरी:
खरंच येऊ? ती फार रडलीय गं कालपासून

सई_कळंबा:
खरंच ये. सहाला. गर्दी व्हायच्या आत.

वाघबीळ_सागर:
मी बी येतो, दगड घेऊन 🙂

अण्णा_निवृत्त:
मुलांनो, सगळं वाचले. आमच्या काळी अ‍ॅम्बेसेडरवर टेस्ट दिली होती. दसरा चौकातून वळताना हात बाहेर काढून दाखवला, साहेबांनी शाबासकी दिली. माझे लायसन्स गेल्या महिन्यात संपले. मुलगा बंगळूरला. परत टेस्ट द्यावी लागेल काय? आता वय ६८.

सई_कळंबा:
@अण्णा_निवृत्त नमस्कार अण्णा. टेस्ट नाही लागणार. मुदत संपून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर नूतनीकरणच होतं, वर्ष उलटलं तर मात्र टेस्ट. पंचावन्नच्या पुढं दर वेळी पाच वर्षांसाठी मिळतं. डॉक्टरचा फॉर्म १-ए मात्र लागेल. आणि आधी असायची तशी तीस दिवसांची सवलत २०१९ पासून नाही, त्यामुळं नवीन येईपर्यंत गाडी चालवू नका प्लीज.

दवाखान्यातली_काकू:
अण्णा, प्रमाणपत्रासाठी माझ्याकडं या, डोळे नीट बघून देईन.

टेम्पो_उचगाव:
अण्णा मी शनिवारी सायबर चौकात असतोय दुपारी. तुम्हाला घेतो, काकूंकडं नेतो, मग अर्ज बी भरू. आधारला जोडलेला मोबाईल तेवढा बरोबर घ्या, ओटीपी त्यावरच येतोय

अण्णा_निवृत्त:
चालेल. मोबाईल सुनेच्या नावावर आहे, तो चालेल काय?

टेम्पो_उचगाव:
नाव कुणाचं बी असू दे अण्णा, तुमच्या आधारला कुठला नंबर जोडलाय ते बघायचं. सूनबाईंना विचारून ठेवा, नसला जोडलेला तर आधी आधार केंद्रात जाऊ