जिल्हा लॅबचा अँटिबायोटिक-प्रतिरोधाचा (जिवाणूंवर औषध न चालण्याचा) डेटा राष्ट्रीय जाळ्यात द्यायचा, सुरुवात कुठून?

तापीकाठ:
नंदुरबारच्या तालुका रुग्णालयांचे नमुने एका लॅबमध्ये येतात. एनसीडीसीच्या (राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र) नार्स-नेटशी, म्हणजे प्रतिरोधावर लक्ष ठेवणाऱ्या देशभरच्या लॅब-जाळ्याशी, जुळेल असा डेटा ठेवायचा आहे. आधी काय बसवू?

पेट्रीडिश:
सॉफ्टवेअर नंतर, आधी नमुना. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधीच रक्त घ्या; प्रौढांत प्रत्येक कल्चर-बाटलीत (जिवाणू वाढवायची बाटली) ८-१० मिली, दोन वेगळ्या जागांहून. रक्त भरलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही, जिवाणू मरतात. धडगावहून मे महिन्यात बंद जीपच्या उन्हातही नको.
मग हूनेट (WHONET), लॅबचे निकाल नोंदवायचं सॉफ्टवेअर; मोफत आहे. झोनचे (औषधाच्या डिस्कभोवती जिवाणू न वाढलेल्या वर्तुळाचे) मिलिमीटरच नोंदवा, नुसतं एस-आय-आर (औषध चालतं, मध्यम, चालत नाही) नको. ब्रेकपॉइंट (एस-आय-आर ठरवणाऱ्या सीमा) बदलले की जुना डेटा नव्याने वाचता येतो. वार्षिक अहवालात एका रुग्णाचा, एका प्रजातीचा पहिलाच आयसोलेट (नमुन्यातून वाढवलेला जिवाणू) धरा, नाहीतर आयसीयूतला एकच रुग्ण आकडा फुगवतो. ३० पेक्षा कमी आयसोलेट असतील तर टक्केवारी काढू नका.

अगार_४मिमी:
भाऊ, क्यूसी (चाचणीची गुणवत्ता-तपासणी) विसरू नका! ई. कोलाय एटीसीसी २५९२२, हा ठरलेले झोन देणारा प्रमाणित जिवाणू, दर आठवड्याला लावा. अगार (प्लेटमधला जिवाणू वाढवायचा थर) ४ मिमीपेक्षा जाड झाला की झोन लहान येतो. लाइट जाऊन डिस्क गरम झाल्या तरी तेच, आणि खोटा प्रतिरोध थेट दिल्लीला पोचतो. कोलिस्टिन या अँटिबायोटिकची चाचणी डिस्कवर मुळीच नको, ब्रॉथ मायक्रोडायल्यूशननेच (द्रवात औषधाचं प्रमाण पायरीपायरीने कमी करत तपासणं).

तापीकाठ:
आणि दवाखान्यात लागलेला संसर्ग वेगळा कसा काढू?

पेट्रीडिश:
भरतीची तारीख सक्तीची करा. ४८ तासांनंतरचा नमुना वेगळ्या गटात. तालुक्यावरून बहुधा औषध लागू न पडलेलेच रुग्ण येतात आणि प्रतिरोध जास्त दिसतो, म्हणून किती जणांचं कल्चर केलं तेही कळवा.