मदत हवी आहे: टीव्हीचा आवाज रिसीव्हरमधून येईना

वैतागलेला_विनू
दोन रविवार फुकट गेलेत आणि आता डोकं सटकलंय. सेट टॉप बॉक्स रिसीव्हरला (स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरच्या डब्याला) जोडलाय, त्यावर काही लावलं की पाचही स्पीकर दणक्यात वाजतात, टीव्हीवर चित्रही झक्कास. पण टीव्हीतल्याच अ‍ॅपवर पिक्चर लावला की आवाज टीव्हीच्या पाठीतून, मडक्यात बोलल्यासारखा. आर्क (टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय केबलीतून उलटा रिसीव्हरकडे नेणारी सोय) चालू केलंय, दोन्हीकडे रीसेट मारून झालाय, सगळं करून झालंय. शनिवारी सासरची मंडळी येतायत. कृपया उपाय सांगा, 'नवीन घ्या' नको.

तारसप्तक
'सगळं करून झालंय' म्हणजे काय काय? टीव्ही कधीचा? एचडीएमआय कुठल्या पोर्टात लावलीये?

वैतागलेला_विनू
टीव्ही २०१९ चा, ५५ इंची. रिसीव्हर ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर. पोर्टावर आर्क लिहिलंय तिथेच लावलीये हो, वाचता येतं मला.

तारसप्तक
चिडू नका, निम्मे लोक तिथेच चुकतात. रिसीव्हरकडचं टोक आउटमध्येच आहे ना?

वैतागलेला_विनू
अहो बॉक्सचं चित्र रिसीव्हरमधून टीव्हीवर येतंय म्हणजे आउटलाच असणार ना!

अण्णा_सोल्डर
ऑप्टिकल केबल (नुसता आवाज उजेडातून नेणारी) टाका आणि मोकळे व्हा. मी २०११ पासून वापरतोय, एकदाही कुरकुर नाही. हे आर्क-बिर्क सगळी नाटकं आहेत.

मध्यरात्रीचा_श्रोता
आलेच अण्णा. पंखा आवाज करतो म्हटलं तरी ऑप्टिकलच सांगतील. त्यातून डॉल्बी डिजिटल प्लस (साध्या डॉल्बी डिजिटलच्या पुढचा सराउंड आवाजाचा प्रकार) जात नाही, अ‍ॅपवरचं अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज येतो तो प्रकार) तर सोडूनच द्या. आर्कमधून ते जातं.

अण्णा_सोल्डर
टीव्ही त्याचं साधं डॉल्बी डिजिटल करून पाठवतो की. ५.१ स्पीकरवर अ‍ॅटमॉस कुठून ऐकणार? डोळे बांधून फरक ओळखून दाखवा, मिसळ माझ्याकडून.

पिक्सेलराव
तुमच्या टीव्हीला ईआर्क (आर्कची सुधारलेली आवृत्ती) नसणार. ते एचडीएमआय २.१ बरोबर २०१७ ला आलं. टीव्ही बदला.

तारसप्तक
पिक्सेलराव, ५.१ ला साधं आर्क पुरतं, ते २००९ पासून आहे, एचडीएमआय १.४ मध्ये आलं. ईआर्क लागतं ते ब्ल्यू-रेच्या ट्रूएचडी वगैरे जड आवाजाला. आणि त्यांनी 'नवीन घ्या नको' असं स्पष्ट लिहिलंय.
विनू, सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या वस्तूंनी एकमेकींना चालू-बंद करायची सोय, चालू आहे का? प्रत्येक कंपनीने त्याचं वेगळं बारसं केलंय, सॅमसंगवर एनीनेट प्लस, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक.

वैतागलेला_विनू
चालू आहे. टीव्ही बंद केला की रिसीव्हर पण आपोआप बंद होतो.

जुना_कॅसेटवाला
आमच्या वेळी ही भानगडच नव्हती. २००३ च्या आसपास पायोनियरच्या वरच्या मॉडेलांना आय.लिंक असायचं, म्हणजे फायरवायरच, ४०० मेगाबिटचं. एसएसीडीचे (सीडीहून वरचढ डिस्कचे) सगळे चॅनेल एका बारक्या वायरीतून जायचे, नाहीतर सहा आरसीए केबलींचा गुंता! आणि रिसीव्हरच्या घड्याळावर प्लेअर आपला वेग जुळवून घ्यायचा. काय आवाज होता तो. एचडीएमआयने सगळं गिळलं.

झोपाळू_बोका
प्रोजेक्टरसाठी पडदा कुठला घ्यावा? मॅट का ग्रे? खोली १० बाय १२.

मध्यरात्रीचा_श्रोता
बोकेराव, वेगळा धागा काढा.
विनू, केबल किती लांब आहे?

वैतागलेला_विनू
बारा मीटर असेल. रिसीव्हर सोफ्यामागच्या कपाटात आहे. इंटिरिअरवाल्याने फॉल्स सीलिंगमधून घेऊन भिंतीतल्या पाइपातून टाकलीये. केबलचा काही प्रश्न नाही, चित्र एकदम स्वच्छ येतं.

तारसप्तक
हे आत्ता सांगताय! केबल किती जाड आहे? टोकांवर काही लिहिलंय?

वैतागलेला_विनू
मोबाइलच्या चार्जरच्या वायरीएवढी. टॉर्च मारून बघितलं, रिसीव्हरकडे 'सोर्स' लिहिलंय, टीव्हीकडे 'डिस्प्ले'.

तारसप्तक
सापडलं बहुतेक. ती फायबरची आहे. आत काचेचे धागे असतात, त्यातून चित्र एकाच दिशेने जातं. आर्कचा आवाज उलटा यायला हवा, टीव्हीकडून रिसीव्हरकडे, १४ नंबरच्या पिनवरून. त्यासाठी तांब्याची तार वेगळी टाकावी लागते. काही केबलींत असते, काहींत नसते. सीईसी १३ नंबरच्या पिनवर, ते चालतंय म्हणून तुम्हाला वाटतंय केबल ठणठणीत आहे.

पिक्सेलराव
मग केबल उलटी लावा.

तारसप्तक
उलटी लावली तर चित्रही गायब होईल. विनू, आधी खात्री करा. सेट टॉप बॉक्सची छोटी केबल काढा, रिसीव्हर टीव्हीपाशी न्या, त्या केबलने दोन्ही जोडा, एखादा स्पीकर लावा आणि बघा.

वैतागलेला_विनू
केलं. बायको एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, ते धूड उचलून स्टुलावर ठेवलं. दीड मीटरची केबल लावली आणि रिसीव्हरच्या पट्टीवर आर्क अशी अक्षरं उमटली, दोन वर्षांत पहिल्यांदा!! एकच स्पीकर होता पण वाजला.
आता भिंत फोडू का? पाइप पाऊण इंची आहे, मधे दोन बेंड. एचडीएमआयचं टोक त्यातून जाईल असं वाटत नाही.

अण्णा_सोल्डर
ऑप्टिकल.

मध्यरात्रीचा_श्रोता
अण्णा, बारा मीटरला साधी प्लास्टिकची ऑप्टिकल अडखळायची शक्यता आहे.

अण्णा_सोल्डर
माझी १५ ची चाललीये. शनिवारपुरती स्कर्टिंगच्या कडेने टेपने चिकटवा, टीव्हीत आउटपुट ऑप्टिकल करा. भिंतीचं सोमवारी बघा.

तारसप्तक
शनिवारपुरतं ठीक आहे. कायमसाठी फायबरचीच घ्या पण टोक सुटं होणारी मिळते ती, आतलं बारकं टोक पाइपातून जातं आणि मोठं टोक बाहेर लावता येतं. पाकिटावर आर्क किंवा ईआर्क लिहिलेलं असेल तरच घ्या, नुसता ४८ जीबीपीएसचा वेग वाचून नको. जुनी केबल आधी उपटू नका, तिच्याच शेपटीला नायलॉनची दोरी बांधून ओढा, नाहीतर त्या बेंडमधून पुन्हा काही जायचं नाही. आणि भिंतीत घालायच्या आधी जमिनीवर पसरून वाजवून बघा.

वैतागलेला_विनू
आधी वाजवून बघतो. अण्णा, तुमची १५ मीटरवाली कुठली आहे ते व्यनि (खाजगी निरोप) करा, उद्याच आणतो.

झोपाळू_बोका
पडद्याचं कोणी सांगेल का?