क्वाड्रन्सला ‘पावली’ म्हणावे का?

एका चित्राखालची ओळ मराठीत करते आहे. रोमन प्रजासत्ताकातले ब्राँझचे नाणे. एकीकडे सिंहाचे कातडे पांघरलेला हर्क्युलिस, दुसरीकडे गलबताचा पुढचा भाग, दोन्हीकडे तीन-तीन टपोरे ठिपके. नाव ‘क्वाड्रन्स’. ‘पावली’ (जुन्या रुपयाचा पाव, चार आण्यांचे नाणे) म्हटले तर चालेल?

— चालेल काय, चपखल बसेल! पूर्ण नाणे म्हणजे ‘आस’, त्यावर दोन तोंडांचा देव जानस. आसाचे भाग बारा, एकेक भाग म्हणजे ‘उन्किया’. एक ठिपका म्हणजे एक उन्किया. बारातले तीन म्हणजे पाव. अर्ध्या आसाला ‘सेमिस’, त्यावर ठिपक्यांऐवजी एस हे अक्षर. ती आपली अधेली, म्हणजे अर्धा रुपया. औंस आणि इंच हे दोन्ही शब्द या उन्कियाचेच वंशज. एक रोमन पौंडाचा बारावा हिस्सा, दुसरा फुटाचा.

गंमत म्हणजे ‘आस’चा अर्थ ‘सगळेच्या सगळे’ असाही होई. पूर्ण इस्टेट ज्याला मिळे तो रोमन कायद्यात ‘आसाचा वारस’. आपण ‘सोळा आणे’ (जुना पूर्ण रुपया) म्हणतो ते हेच. जुन्या सातबाऱ्यावर भावाभावांचे हिस्से आणे-पैत असत, तसे त्यांचे उन्कियांत.

— पावली ठीक, पण पुढे अडाल. चार ठिपक्यांचा, मिनर्व्हा देवीचे डोके असलेला ‘ट्रायन्स’ म्हणजे तिसरा हिस्सा. बाराचे तीन भाग सरळ पडतात, सोळाचे पडत नाहीत. जुन्या रुपयाचा तिसरा हिस्सा पाच आणे चार पै (आण्याच्या पै बारा). त्याला नाणेही नव्हते नि नावही नव्हते. दोन ठिपक्यांच्या ‘सेक्स्टन्स’ला चवली म्हणाल तर तेही चूक. चवली म्हणजे दोन आणे, रुपयाचा आठवा हिस्सा; हा आसाचा सहावा. एकाला मराठी नाव आणि शेजारच्याला लॅटिन, हे कसे दिसेल?

— आणखी एक. ‘ब्राँझ’ सरसकट लिहू नका. लॅटिन ‘एस’ (aes) हा धातूचा शब्द तांबे आणि कासे (म्हणजे ब्राँझ) दोन्हींना चाले. सम्राट ऑगस्टसच्या काळापासूनचे ‘सेस्टर्शियस’ हे नाणे तर पितळी, त्याच काळचा आस तांब्याचा. मराठीत तिन्ही शब्द आयते आहेत, ते वापरा. तुमचे नाणे मात्र काश्याचेच.

— ट्रायन्सचा मुद्दा पटला. नावे लॅटिनच ठेवते. ओळ अशी करते: ‘क्वाड्रन्स, म्हणजे आसाची पावली. कासे. तीन ठिपके = तीन उन्किया.’